‘येऊन घेऊन जातो’ म्हणणाऱ्याला खरा पत्ता सांगा

आपल्या मोहल्ल्यांतली पोरं आता सगळं ऑनलाइन विकतात. जुना मोबाइल, लॅपटॉप, बाईक, लग्नात दोन-दोन आलेले मिक्सर, भाड्याचं घर बदलताना जड झालेला सोफा. घरातल्या आपा आणि खाला कबाब, बिर्याणी, भरतकामाचे दुपट्टे विकतात. याचा मला आनंदच आहे. माझा राग आहे तो पुढच्या एका गोष्टीवर. गिऱ्हाईक विचारतं, “प्रत्यक्ष येऊन बघून घेऊन जाऊ का?” आणि इथे आपल्या पोरांची बोटं कीबोर्डवर अडखळतात.

मग दोनपैकी एक उत्तर जातं. पहिलं, “नाही, फक्त कुरिअर.” दुसरं, “या,” पण पत्ता भलताच. मुंब्र्याचा मुलगा सांगतो ‘ठाणे’. कोंढव्याचा मुलगा सांगतो ‘एनआयबीएम’. (एनआयबीएम ही बँकिंगची संस्था आहे. तिच्या नावाच्या रस्त्याने कोंढव्यातल्या किती बिल्डिंगांची अब्रू झाकली आहे, हे पुणेकरांनाच ठाऊक.) नावाचंही तेच. रियाजचा राज होतो, समीउल्लाहचा सॅम होतो, आणि प्रोफाइलवर फोटोऐवजी सूर्यास्त लागतो. मी या दोन्ही उत्तरांच्या विरोधात आहे, आणि दुसऱ्याच्या जास्त.

भीती कुठून आली ते मला समजत नाही असं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाब्यांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. फार लांब कशाला जायचं? २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा न देण्याचा ठराव केला. पिढ्यानपिढ्या ज्या यात्रेत आपले लोक दुकानं लावत आले, तिथे. हे पाहिलेल्या मुलाला गिऱ्हाईकाला नाव सांगताना घाम फुटला तर त्याला भित्रा म्हणण्याचा हक्क मला नाही.

पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. सरकारी हुकूम म्हणतो, तुझं नाव पाटीवर लाव म्हणजे गिऱ्हाईक सावध होईल. मित्र म्हणतो, नाव लपव म्हणजे गिऱ्हाईक पळणार नाही. दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे की तुझं नाव हा मालातला ऐब आहे. आपल्या फिकहमध्ये मालातला ऐब सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे आणि तो लपवला तर खरेदीदाराला सौदा मोडायचा हक्क आहे. बॅटरी उतरली असेल, स्क्रीन बदललेली असेल, बाईक एकदा पडली असेल, तर ते ऐब. रियाज असणं हा ऐब नाही. गंमत अशी की नाव लपवणारे बरेच महाभाग बॅटरीही लपवतात.

आता इंजिनिअर म्हणून बोलतो. हे वेषांतर चालतच नाही. गिऱ्हाईक आलं, वस्तू पाहिली, पसंत पडली, त्याने मोबाइल काढून तुमच्या नंबरवर पैसे टाकायला घेतले, की यूपीआय त्याला बँकेत नोंदवलेलं नाव दाखवतं. तिथे ‘राज’ नसतो. फोनच्या बिलावर खरं नाव, बाईकच्या आरसीवर खरं नाव, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर खरं नाव आणि सही. म्हणजे लबाडी उघडी पडते ती नेमकी पैसे हातात यायच्या क्षणी, समोरासमोर. आणि त्या वेळी गिऱ्हाईकाच्या मनात येणारा संशय द्वेषाचा नसतो, रास्त असतो. ज्याने नाव खोटं सांगितलं त्याने फोन कुठून आणला असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. ‘यांच्याकडचा माल चोरीचा’ हा टोमणा आपण चोर बाजाराच्या नावाने लहानपणापासून ऐकतोय. तो खरा वाटेल अशी परिस्थिती आपण स्वतःच्या हाताने का तयार करायची?

‘फक्त कुरिअर’वाल्यांशी माझं भांडण कमी आहे, पण आहे. दुपट्टा कुरिअरने जातो. फ्रिज जात नाही, सोफा जात नाही, बाळाचा पाळणाही परवडत नाही. वापरलेली वस्तू न बघता घेणारा क्वचितच भेटतो, आणि भेटला तर पार्सल उघडून परत पाठवतो. त्याचा जाण्या-येण्याचा खर्च आणि पॅकिंग कुणाच्या माथी, ते विकणाऱ्याला विचारा. शेवटी तो पाळणा नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे जातो, त्याच्या भावात. आपल्याला बाजारातून बाहेर काढायचं असं कुणाला वाटत असेल, तर त्याचं निम्मं काम असं होऊन जातं.

वस्तू बघून घ्यायची ही मागणी आपल्याला नवी नाही, आपल्या परंपरेत ती हक्क म्हणून लिहिलेली आहे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारता येते, हा हनफी फिकहमधला खियार-ए-रूयत. कोकणातले आपले भाऊ बहुतेक शाफई. त्यांच्या मजहबमध्ये सौदा ठरला तरी दोघे एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत कुणालाही माघार घेता येते. मदिनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाची हदीस मदरशात सगळ्यांनी ऐकलेली असते. हुजूरांनी ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विचारलं. आज याचा अर्थ इतकाच की ओरखड्याचा फोटो पहिला टाका. मुंब्र्यापर्यंत लोकलने आलेल्या माणसाला दारात नवीन भाव सांगणं, किंवा “दुसरं गिऱ्हाईक खाली थांबलंय” अशी थाप मारून त्याला घाईला आणणं, हे आपल्यात होतं आणि त्याबद्दल कुणी खुतबा देत नाही.

आता सुरक्षिततेचं. खरा धोका बहुतेक वेळा धर्माचा नसतो, फसवणुकीचा असतो, आणि त्याच्यावर नाव बदलणं हा इलाज नाही. न बघताच लगेच हो म्हणणारा, स्वतःला लष्करातला सांगणारा, “माझा माणूस न्यायला येईल, तोवर पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा” म्हणणारा, हा चोर आहे. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं, ना पिन. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, एसएमएससुद्धा बनावट येतो. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली की मगच वस्तू द्या, आणि फोन विकत असाल तर त्यानंतरच आपलं गूगल किंवा अ‍ॅपल खातं त्यातून काढा. गंडलातच तर १९३० वर ताबडतोब फोन करा, उद्यावर ढकलू नका.

याहून वाईट प्रकार आहे, आणि तो आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवा. समोर उभा आहे एक माणूस आणि पैसे येतात तिसऱ्याच्याच खात्यातून. ते पैसे कुणाला तरी फसवून काढलेले असू शकतात. तो फसलेला माणूस तक्रार करतो, आणि पैसा जिथे-जिथे गेला ती खाती गोठतात. त्यात तुमचंही. मग दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांना समजावत बसा की मी फक्त जुना लॅपटॉप विकला. आपल्या नावाच्या मुलाला ते समजावताना किती जोर लावावा लागेल, ते मी लिहायला नको. म्हणून नियम एकच ठेवा. जो समोर उभा आहे त्याच्याच खात्यातून पैसे, नाहीतर रोख. आणि एक साधी पावती करा. त्यावर दोघांची नावं, तारीख, किंमत, फोन असेल तर *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, आणि सह्या. विकत घेतानाही हेच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तेव्हा बिल आणि खोका मागायला लाजू नका. बाईकची ट्रायल मागितली तर मागच्या सीटवर स्वतः बसा.

बघा, यातल्या प्रत्येक गोष्टीला खरं नाव लागतं. पावतीला, खात्याला, आरसीला. खरं नाव हेच तुमचं संरक्षण आहे.

“एरिया सेफ आहे ना?” असं मलाही विचारलं गेलंय, कोंढव्यातून मॉनिटर विकताना. भाषण देत बसू नका. “दुपारी चारला या, रिक्षा गेटपर्यंत येते” एवढं पुरे. काही जण येतात, चहा घेतात, घासाघीस करून जातात. काही जण पत्ता ऐकून गप्प होतात. हा तोटा खरा आहे, वस्तू उशिरा जाते, कधी कमी भावात जाते. तो नाकारून मी तुम्हाला गोड काही सांगणार नाही. पण गप्प होणारा माणूस यूपीआयवर नाव बघूनही मागे फिरलाच असता, फक्त तेव्हा तुमची अर्धी दुपार गेली असती.

आणि “तुझा पगार सुरू आहे, तुला बोलायला काय जातं” हा आक्षेप. जिची अडचण खरी आहे तिच्यासाठीच हे लिहितोय. घरून कबाब विकणाऱ्या आपाला अनोळखी माणूस दारात नको असतो, आणि बरोबर आहे तिचं. पण त्यावर घरातले मोठे काय तोडगा काढतात? “मग बंद कर.” भाऊ आहेत, सासरे आहेत, अख्खी जमात आहे, आणि कुणालाच एक टेबल देणं सुचत नाही.

मला ते टेबलच हवंय. मशिदीच्या आत खरेदी-विक्री मना आहे हे मला माहीत आहे, तेव्हा फतवा पाठवू नका. मी ट्रस्टच्या रस्त्यावरच्या गाळ्याबद्दल बोलतोय, जो वर्षातले अकरा महिने बंद असतो आणि रमजानमध्ये देगा ठेवायला उघडतो. नाहीतर मोहल्ल्यातली लायब्ररी, नाहीतर मेडिकलच्या दुकानाचा अर्धा काउंटर. शनिवार-रविवार असर ते मगरिब. एक टेबल, दोन खुर्च्या, चार्जर लावून बघायला प्लग, पावतीबुक, दारावर कॅमेरा. मोबाइल विकणारा मुलगा तिथे गिऱ्हाईकाला बोलावेल, आपा डबे ठेवून जाईल आणि न्यायला येणारा तिथूनच नेईल. तिला स्वतः बसायचं असेल तर तिनेही बसावं, त्यासाठी पडदा लावायची नवीन कमिटी नको. गिऱ्हाईकाला ‘मशिदीशेजारचा गाळा’ असा पत्ता सांगायचा, पूर्ण, मोहल्ल्याच्या नावासकट.

आमच्याकडच्या एका ट्रस्टींपुढे हे मांडलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, लाइट बिल कोण भरणार? दर सौद्यामागे वीस रुपये घ्या, चाचा. हिशेबाची शीट मी बनवून देतो, पावतीबुकही छापून आणतो. फक्त गाळ्याची किल्ली तुमच्याकडे आहे.