कोतवालाचे वाहन

ज्या नगरीत देह ठेवावा म्हणून देशाच्या चारी दिशांहून माणसे येतात, जेथे ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगेच्या परिसरात महाराष्ट्रातून आलेल्या शास्त्री-पंडितांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, आणि जेथे एकनाथमहाराजांनी आपले भागवत पुरे केले, त्या काशीचा दैनंदिन कारभार, भाविकांच्या श्रद्धेप्रमाणे, विश्वेश्वर पाहत नाही. तो कालभैरव पाहतो. विश्वेश्वर राजा, भैरव त्याचा कोतवाल, आणि कोतवालाचे वाहन कुत्रा. ह्या समजुतीचा मान सरकारासही राखावा लागतो. भैरवाच्या देवळाजवळील कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची भैरवबाबांची म्हणून मोकळी ठेवतात आणि ठाणेदार शेजारी बसून काम पाहतो, असे सांगतात. दीपावली आटोपून तीन आठवडे होतात न होतात तोच कार्तिक वद्य अष्टमीस भैरवाची जयंती येते, आणि त्या दिवशी गल्लीतल्या लुतभरल्या कुत्र्यालाही दुधाची वाटी आणि मिठाईचा तुकडा मिळतो. नेपाळात तर नरकचतुर्दशीसच कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला कुंकू लावतात. युधिष्ठिराची व नामदेवांची कुत्र्याविषयीची कथा वाचकांस पाठ असल्यामुळे येथे पुन्हा सांगत नाही.

अशा ह्या काशीला लागू असलेला, उत्तर प्रदेश सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेला हुकूम वाचताना मौज वाटल्यावाचून राहत नाही. चिथावणी नसताना जो कुत्रा मनुष्यास चावेल त्यास दहा दिवस निर्बीजीकरण केंद्रात ठेवावे, लस टोचावी, निर्बीजीकरण राहिले असल्यास ते उरकावे आणि कातडीखाली मायक्रोचिप बसवून सोडून द्यावे. तोच कुत्रा पुन्हा विनाकारण चावल्यास त्यास जन्मभर तेथेच ठेवावे. आणि चिथावणी होती की नव्हती ह्याचा निवाडा तिघांच्या समितीने करावा, असा त्याचा आशय आहे. चौकशी, पंच, पहिल्या अपराधास सौम्य शासन व दुसऱ्यास जन्मठेप, असा फौजदारी न्यायाचा सगळा सरंजाम येथे हजर आहे. उणीव एवढीच की आरोपीची जबानी घेता येत नाही. दहा दिवसांची मुदत मात्र मनास येईल तशी घातलेली नाही. दंशाच्या वेळी कुत्रा पिसाळलेला असेल, त्याच्या लाळेत विष उतरले असेल, तर तो बहुधा दहा दिवसांच्या आतच मरतो, हे वैद्यकाचे ज्ञान तिच्यामागे आहे.

ह्या हुकुमातील आम्हांस सर्वांत मोलाचे वाटलेले कलम शेवटचे आहे. कोणी गृहस्थ आपले नाव-पत्ता नोंदवून आणि कुत्रा पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून देऊन त्यास दत्तक घेईल, तर त्या कुत्र्याची जन्मठेप टळते. वचन मोडल्यास कारवाई मात्र गृहस्थावर होते. साऱ्या हुकुमात माणूस उत्तरदायी म्हणून उभा राहतो तो येथे प्रथम. आमच्या मते कायद्याने आरंभ येथूनच करावयास हवा होता.

कारण प्रश्न लहान नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री भरली, त्यांपैकी 20 लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आणि 2024 ह्या एका वर्षात देशभर दंशाच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या. जलसंत्रासाने, म्हणजे रेबीजने, जगात जी माणसे मरतात त्यांतील सुमारे एक तृतीयांश भारतातील असतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा आहे. ज्याच्या घरातले मूल असे गेले त्याच्यापुढे भूतदयेचे प्रवचन करणे ही क्रूरता होय, हे प्राणिमित्रांनी ध्यानात ठेवावे.

तथापि, केवळ धरपकडीने अथवा संहाराने हा प्रश्न सुटत नाही, ह्याची साक्ष मुंबईच्या इतिहासात आहे. कंपनी सरकारने बेवारस कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. इनामाच्या लोभाने ओट्यावर निजलेली पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. तेव्हा 1832 च्या जून महिन्यात कोटातील पारशी मंडळी, ज्यांच्या धर्मात मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याला स्थान आहे, रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. धर्मभावना दुखावली हे खरेच; पण बेवारस कोणता आणि घरचा कोणता हे ओळखण्याचे साधनच त्या अंमलात नव्हते, हे दंग्याचे दुसरे कारण होते, आणि दोनशे वर्षे होत आली तरी आपल्या बहुतेक शहरांत ते साधन नीटसे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच 11 ऑगस्ट 2025 ला दिल्लीतील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि 22 ऑगस्टला, त्रिसदस्य पीठापुढे, तो बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांस लस टोचून, निर्बीज करून मूळ जागी सोडावे, तसेच रस्त्यात वाटेल तेथे अन्न न घालता प्रभागवार नेमलेल्या जागीच घालावे, असे ठरविले. पुण्य जोडू पाहणाऱ्या काशीकरांस हे शेवटचे वाक्य जड जाईल; परंतु जो रोज पोळी घालतो त्याने त्याच कुत्र्याच्या लशीचीही तजवीज करावी, अशी अपेक्षा धरण्यात अधर्म कोणता?

पाळीव कुत्र्यांविषयीही सरकारचा कल जातीकडे बोट दाखविण्याचाच आहे. लखनौत 2022 साली एका पिटबुलने आपल्याच घरच्या वृद्धेचा जीव घेतला. त्यानंतर त्याच वर्षी गाझियाबाद महानगरपालिकेने तीन जातींवर बंदी घातली, आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घालण्याविषयीचे पत्रक राज्यांस धाडले, जे पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. साखळीला बांधून, चिडवून, चार भिंतींत कोंडून वाढविलेला कोणत्याही जातीचा कुत्रा धोक्याचा होतो, हे ज्यांनी कुत्री पाळली त्यांस सांगावे लागत नाही. मालकाच्या हयगयीला भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा 5,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचा उपयोग किती वेळा झालेला आपण ऐकला?

उलट गोव्याने घराघरातून व गल्लीगल्लीतून वर्षानुवर्षे लसीकरण चालविले, शाळांतून मुलांस कुत्र्याजवळ कसे वागावे ते शिकविले, आणि सलग तीन वर्षे एकही मनुष्य रेबीजने न दगावल्यामुळे 2021 मध्ये राज्य रेबीजनियंत्रित म्हणून घोषित केले. तेथे जन्मठेपेची गरज पडली नाही.

आणि काशीतीलच एक गोष्ट. 2023 साली येथल्या रस्त्यांवरची मोती आणि जया ही दोन कुत्री, त्यांच्यावर जीव जडलेल्या परदेशी स्त्रियांनी, एक इटलीस व एक नेदरलँड्सला नेण्याचे ठरविले. येथे ज्यांच्या नावाचा एक कागद कोणत्याही दफ्तरात नव्हता त्यांस युरोपात पाऊल ठेवण्यासाठी मायक्रोचिप हवी, रेबीजची लस हवी, ती लागू पडल्याचा रक्तपरीक्षेचा दाखला हवा, रक्त दिल्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा हवी, आणि, बातम्यांप्रमाणे, शिवाय पारपत्र. वर्तमानपत्रांनी ही वार्ता कौतुकाने छापली आणि आम्हीही ती कौतुकाने वाचली. पण मनात आले की त्या परक्या मुलखाने ह्या दोन जीवांविषयी जेवढी विचारपूस केली तेवढी, ज्या शहरात ती जन्मली, ज्या शहरात त्यांच्या जातभाईंस देवाचे वाहन म्हणतात, त्या शहराने कधी केली नव्हती. पारपत्र राहो, पट्टा, परवाना आणि लशीचा दाखला एवढे तीन जिन्नस येथेही मिळू शकतात.

दीपावलीच्या निमित्ताने वाचकांकडे आम्ही एवढेच मागतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारूकामाच्या आवाजाने घाबरून कुत्री दावे तोडून पळतात, त्यांना घरात घ्यावे. कोणास दंश झालाच तर हळद-मिरची न भरता जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ इस्पितळ गाठावे. आणि सुटी संपून महानगरपालिकेची कचेरी उघडताच आपल्या कुत्र्याची नोंद करून घ्यावी. भैरवजयंतीस कुत्र्यांना दूध घालणाऱ्यांनी त्यांतल्या एकाच्या तरी लशीचा खर्च ह्या वर्षी सोसावा.