व्यायाम व आरोग्य : पोहतांना मान कशी असावी?

सुटींत मुलें पोहण्याच्या वर्गास जाऊं लागलीं, कीं घरोघरीं एक वाद हटकून ऐकूं येतो. गांवच्या विहिरींत पाठीस सुका पांगारा बांधून पोहणें शिकलेले आजोबा नातवास बजावतात, "डोकें वर ठेव." तलावावरील शिक्षक सांगतात, "तोंड पाण्यांत घाल, तळाकडे पाहा." मुलगा बिचारा दोघांच्या कचाट्यांत सांपडतो, वीस-पंचवीस हात जातां जातां धापा टाकूं लागतो, आणि "ह्याच्या छातींत दमच नाहीं" असा शेरा मारला जातो. आमच्या मतें दोष बहुधा छातीचा नसून मानेचा असतो.

पाण्यांत आडवें झालेलें शरीर म्हणजे एक तराजूच होय. फुप्फुसांतील हवेमुळें छाती वर उचलली जाते. शरीराचा भारमध्य मात्र ओटीपोटाच्या बाजूस असतो. म्हणून पाय स्वभावतःच बुडूं पाहतात. अशा स्थितींत ४-५ किलो वजनाचें डोकें बाहेर काढलें, कीं पाण्याचा त्यास असलेला आधार जातो, पाठ ताठते, आणि कंबर व पाय आणखी खालीं जातात. मग पोहणारा पाणी कापीत नाहीं, तें छातीनें व मांड्यांनीं ढकलीत जातो. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट घन आहे. एवढ्याशा तिरपेपणाची किंमत इतकी जबर कां, हें त्यावरून उमगेल. जोरानें लाथा झाडून पाय वर ठेवतां येतात खरे. पण मांडीचे स्नायू मोठे खादाड, ते सारा श्वास खाऊन टाकतात.

तेव्हां क्रॉल पद्धतींत मान ताठ उभ्या माणसासारखी सरळ असावी व दृष्टि तळाकडे, फार तर किंचित् पुढें. श्वासासाठीं डोकें उचलावयाचें नाहीं. सबंध धड कुशीवर वळतें त्याच्यासह तें वळावें आणि एक डोळा पाण्यांतच राहावा. पुढें सरकणाऱ्या डोक्यामुळें लहानशी लाट उठून तोंडापाशीं खळगा पडतो. त्या खळग्यांत पुरेशी हवा मिळते. नवशिक्याचा विश्वास बसत नाहीं तो येथेंच! शिवाय तोंड पाण्यांत असतांना श्वास सतत सोडीत राहावें. तो कोंडून धरला, तर बाहेर टाकण्यांतच वळण्याचा वेळ संपतो व डोकें वर निघतेंच.

डोकें उंच ठेवून कोणी वेगानें पोहलेंच नाहीं असें नाहीं. १९२२ सालीं १०० मीटर अंतर एका मिनिटाच्या आंत प्रथम कापणारा अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर तसाच पोहे. पण त्याचे खांदे आणि त्याच्या लाथा आमच्या दहा वर्षांच्या बाळूस कोठून येणार?

आजोबांची शिकवणहि खोटी नव्हे. विहिरींत वरून कोण उडी टाकतो हें पाहावें लागे; नदींत ओढ आणि वाहते ओंडके. उघड्या पाण्यांत पोहणारे आजहि कांहीं हातांनंतर डोळे वर काढून दिशा पाहतात. नदीवर नातवानें आजोबांचेंच ऐकावें.

ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल, त्यांनीं मुलास कंबरेइतक्या पाण्यांत, जाणता मनुष्य शेजारीं उभा असतां, भिंतीस पाय रेटून हात पुढें लांबवीत सरकूं द्यावें. एकदां तोंड पाण्यांत घालून, एकदां समोर पाहत. पाय केव्हां बुडाले हें तो स्वतःच सांगेल.