पावलाची परीक्षा उभ्यानेच व्हावी

माणसाच्या एका पावलात २६ अस्थी व ३३ सांधे असतात. खाचखळग्यांशी जुळवून घेताना पाऊल लवचीक व्हावे लागते, आणि शरीर पुढे ढकलताना तेच ताठ व्हावे लागते. ही दोन्ही कामे ते शरीराचा भार पेलूनच करते. असे असता क्ष-किरण चित्र घेताना मात्र रोग्यास पुष्कळदा आडवे निजविले जाते. ज्या अवस्थेत पाऊल आपले काम करीत नाही, त्याच अवस्थेत त्याची परीक्षा करण्याची ही रीत सोडून दिली पाहिजे.

भार पडताच पावलाचे रूप पालटते. अस्थिबंध ताणले जातात, कमान थोडी खाली येते, टाच किंचित कलते. पावलाच्या मध्यभागाचे अस्थिबंध तुटले असतील, तर निजलेल्या रोग्याच्या चित्रात हाडे जागच्या जागी दिसू शकतात; तोच रोगी उभा राहिला की पहिल्या व दुसऱ्या लांब अस्थींच्या मुळाशी फट उघडते. घोट्याच्या खोबणीत बसलेल्या टेलस नावाच्या हाडास तर एकही स्नायू जोडलेला नाही. शेजारच्या हाडांच्या दाबाने व अस्थिबंधांच्या ओढीनेच ते हलते. ते खोल असल्यामुळे त्वचेवर खुणा लावून त्याची गती मोजता येत नाही.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. उभ्याने घेतलेले साधे चित्र ही पुष्कळ जुनी सोय होय. २०१२ च्या सुमारास रोगी उभा असतानाच त्याच्या पावलांभोवती क्ष-किरणांचा स्रोत फिरवून तिन्ही मितींचे चित्र देणारी यंत्रे प्रचारात आली. एकाच पावलाची चित्रे सपाट भूमीवर, उतरत्या फळीवर व शरीर आत-बाहेर वळवून घेतली, की प्रत्येक हाड किती अंशांनी फिरले हे ताडून पाहता येते. अर्थात ही गतीमधील थांब्यांची चित्रे होत, प्रत्यक्ष चाल नव्हे. स्वस्थ उभे राहताना प्रत्येक पावलावर निम्मा भार येतो, तर चालताना तो संपूर्ण शरीरभारापेक्षाही अधिक होतो. ही मर्यादा मान्य करूनही, निजलेल्या पावलाच्या चित्रापेक्षा ही चित्रे सत्याच्या कितीतरी जवळ असतात.

तंजावरच्या मराठी राज्याशी जुने नाते असलेल्या कुंभकोणम नगरीत ह्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. ही देवालयांची नगरी. पादत्राणे बाहेर ठेवून भाविक उन्हाने तापलेल्या दगडी प्रांगणात प्रदक्षिणा घालतात. ज्याच्या पावलाची संवेदना शाबूत आहे, तो चटका बसताच पाय उचलतो. ज्याची गेली आहे, त्यास फोड आल्यावरच कळते. नगराजवळील साक्कोट्टै येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे केंद्र आहे. ह्याच राज्यातील वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर पावलांवरील व्रणांचे कारण मांस आपोआप कुजणे हे नसून, वेदनेच्या अभावी वारंवार सोसलेला दाब व इजा हे आहे. आज मधुमेहाने हाच धोका घरोघरी नेला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रोगी आहेत. बधिर पावलाची कमान ढासळत असता रोगी तक्रार करीत नाही, आणि निजलेल्या पावलाच्या चित्रातही ती ढासळ लपून राहू शकते. पुढे व्रण होतो, आणि कित्येकदा पाय कापावा लागतो.

नवी यंत्रे महाग आहेत हा आक्षेप खरा. परंतु तो आळसाचे निमित्त होऊ नये. साध्या क्ष-किरण यंत्रासमोर एक भक्कम लाकडी पायरी, हाताला आधार देणारा कठडा आणि वैद्याच्या चिठ्ठीवर ‘उभ्याने’ हा एक शब्द एवढ्याने पुष्कळ काम भागते. पावलाच्या चित्रासाठी लागणारी किरणांची मात्राही अल्प असते. ताजा अस्थिभंग असेल किंवा उभे राहणे असह्य असेल, तेथे मात्र आग्रह धरू नये. महागडी यंत्रे तंजावरसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असावीत. सुमारे ४० किलोमीटरवरील कुंभकोणमहून केवळ अवघड रोगी तेथे पाठविता येतील.

मोठ्या यंत्राची वाट पाहत साध्या उपायाकडे पाठ फिरविणे हे विज्ञाननिष्ठेचे लक्षण नव्हे. ज्या पावलास वेदनेची वाचाच उरलेली नाही, त्याच्या वतीने बोलणारी साक्ष उभ्याने घेतलेले चित्रच देऊ शकते. ती घेण्याची सोय प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात झालीच पाहिजे.