डब्याचे कूळ विचारावे
(सदर : परसातली प्रयोगशाळा)



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या अनुभवावरून त्याला एक पुस्ती जोडतो : डब्याचे मात्र कूळ-मूळ दोन्ही विचारावे. ज्या डब्यात, बादलीत किंवा खोक्यात आपण भाजी पेरणार, तो आपल्याकडे येण्याआधी कुठे होता आणि त्यात काय होते, हे कळल्याशिवाय त्यात माती घालू नये. हे शहाणपण आम्हाला उशिरा सुचले. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असूनही उशिरा सुचले, हे आम्हीच आधी सांगून टाकतो.

मागच्या शरदात वर्ध्याहून आई सहा महिन्यांसाठी आल्या. दुसऱ्याच दिवशी मागच्या अंगणातली मूठभर माती उचलून म्हणाल्या, "अरे, ही तर आपलीच माती!" त्यांचे खरे होते. विदर्भातली कापसाची काळी माती आणि आपल्या फ्रिस्कोची काळी माती, दोन्ही शास्त्राच्या वर्गवारीत 'व्हर्टिसॉल' या एकाच गटात बसतात. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. आपल्या घरांचे पाये हलतात आणि उन्हाळ्यात पायाभोवती पाणी सोडावे लागते, ते हिच्याचमुळे. शेतात ही माती सोन्यासारखी, पण बादलीत भरली की विटेसारखी बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून बागेसाठी डबे आणि डब्यांसाठी हलकी माती, असे ठरले.

भारतीय दुकानातल्या मेथीच्या जुडीचा भाव ऐकून आईंनी कपाळाला हात लावला होता, त्यामुळे मुहूर्त लगेच निघाला. शेजारच्या गल्लीत कुणीतरी जुना लाकडी डेक मोडून फळ्या रस्त्याकडेला ठेवल्या होत्या. आम्ही त्या उचलून आणल्या आणि चार फूट बाय दोन फुटांचे झकास खोके ठोकले.

"हे लाकूड कुणाकडचं रे?" आईंनी विचारले.

"फुकट मिळालं, आई."

"फुकट मिळालं ते कळलं. आधी होतं कशाचं?"

आम्ही हसलो आणि मेथी पेरली. ती छान उगवली. दोनदा भाजी झाली, एकदा थालीपीठ झाले. आमचे तीन वर्षांचे चिरंजीव खोक्याच्या कडेला बसून बकरीसारखी पाने खुडून खात. त्याबरोबर थोडी मातीही पोटात जात असणार. मग एके दिवशी सकाळी पाऊस पडला. ओल्या फळ्यांच्या कापलेल्या टोकांवर हिरवट झाक दिसली आणि आमच्या पोटात गोळा आला. त्या घरी जाऊन विचारले. डेक १९९८ साली बांधलेला होता.

वाचकांपैकी ज्यांचा रसायनांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी बाहेरच्या कामाचे लाकूड कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाखाली भरत. घरगुती वापरासाठी हे लाकूड तयार करणे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबले. पण त्याआधीचे डेक, कुंपणे आणि झोपाळे अजून मोडले जात आहेत आणि रस्त्याकडेला येत आहेत. त्यातले आर्सेनिक हळूहळू पाझरून लाकडालगतच्या मातीत उतरते. पाने ते फार शोषत नाहीत. खरा धोका असतो पानांना आणि बोटांना चिकटलेल्या मातीचा. आणि आमचे चिरंजीव बसत ते नेमके कडेलाच.

मुलाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लघवीची तपासणी करायला सांगितले. निकाल चार दिवसांनी आला आणि ठीक आला. त्या चार दिवसांत आई आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच फार लागले. खोके मोडले. फळ्या जाळल्या नाहीत, कारण त्यांच्या राखेत आर्सेनिक उरते. कंपोस्टातही घातल्या नाहीत. नगरपालिकेला विचारून त्यांनी सांगितले तशा टाकून दिल्या.

'पुनर्वापर' हा शब्द आपल्याला इतका पवित्र वाटतो, की त्यापुढे प्रश्न विचारायचे आपण विसरतो. याचे मोठे उदाहरण आपल्या गावातच आहे. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना कदाचित ठाऊक नसेल, पण फ्रिस्कोत १९६० च्या दशकापासून जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे वितळवून परत मिळवण्याचा कारखाना होता. शेवटी तो एक्साइड कंपनीकडे होता. तोही पुनर्वापरच! २००८ साली हवेतल्या शिशाची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून थेट ०.१५ वर आली, म्हणजे दहापट कडक झाली. त्यानंतर २०१० मध्ये कारखान्याभोवतालचा भाग मर्यादेबाहेरचा म्हणून जाहीर झाला. गावकऱ्यांनी आवाज उठवला, नगरपालिकेने कंपनीशी करार केला आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कारखाना बंद झाला. २०१७ मध्ये तो भाग हवेच्या मर्यादेत आल्याचे मान्य झाले. जमिनीच्या सफाईचे काम मात्र पुढे कितीतरी वर्षे चालले.

याचा अर्थ फ्रिस्कोची सगळी माती विषारी आहे, असा कृपया कुणी काढू नये. आपल्यातले बहुतेक जण त्या जागेपासून लांब, नव्या वस्त्यांत राहतात. पण जुन्या भागात घर असेल, तर जमिनीत पालेभाजी लावण्यापूर्वी मातीची तपासणी जरूर करावी. नेहमीच्या तपासणीत मुख्यतः नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी पोषकद्रव्ये येतात. शिसे आणि आर्सेनिक हवे असल्यास तसे वेगळे सांगावे लागते. निवासी मातीतल्या शिशाची तपास-मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० वर आणली गेली, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे.

आता डब्यांची वंशावळ सांगतो.

चालतील ते : किराणा दुकानाच्या बेकरी विभागात केकवरच्या साखरेच्या रिकाम्या बादल्या मागितल्या तर पुष्कळदा मिळतात. दह्याचे मोठे डबे, आईस्क्रीमच्या बादल्या, दुधाचे गॅलनचे कॅन हेही चांगले. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १, २, ४ किंवा ५ असेल आणि आत पूर्वी खाण्याचाच पदार्थ असेल तर खुशाल घ्या. ३, ६ आणि ७ बाजूला ठेवा. दुधाचे कॅन टेक्सासच्या उन्हात एका हंगामात ठिसूळ होतात. तुकडे पडू लागण्याआधी बदला. बासमतीच्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचेही तेच. तागाची पिशवी मात्र उत्तम, तिचा उपयोग पुढे सांगतो.

नकोत ते : रंगाच्या, कीटकनाशकाच्या, तलावात टाकायच्या क्लोरीनच्या बादल्या, कितीही धुतल्या तरी. गाड्यांचे टायर. रेल्वेचे जुने स्लीपर, कारण ते क्रिओसोटमध्ये मुरवलेले असतात. रंग दिलेले जुने लाकूड, कारण घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. मालाच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का बघा : 'एचटी' म्हणजे नुसते तापवलेले, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते नको. शिक्का नाही आणि वर डाग आहेत, तर तेही नको.

पाच गॅलनच्या बादलीला बुडाशी अर्ध्या इंचाची पाच-सहा भोके पाडा. तीत टोमॅटोचे किंवा भेंडीचे एकच झाड लावा. लोभ करू नका. मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोली पुरते. विकतची कुंडीची माती दोन भाग आणि कंपोस्ट एक भाग, एवढे मिश्रण पुरे. काळी बादली जुलैत मुळे शिजवते. म्हणून ती तागाच्या तांदळाच्या पिशवीत उभी करा, बाहेरून ऊन लागत नाही. तरी उन्हाळ्यात रोज, कधी दोनदाही पाणी लागेलच.

आपल्याकडे शेवटचे दहिवर साधारण मार्चच्या मध्याला आणि पहिले नोव्हेंबरच्या मध्याला पडते. मेथी, पालक, कोथिंबीर ऑक्टोबरपासून पेरावी. एप्रिल तापला की ती फुलावर जाते. रात्रीचे तापमान ७५ अंशांखाली येईनासे झाले की टोमॅटोला फळ धरत नाही, तेव्हा भेंडी, गवार आणि चवळी यांची पाळी. गवार तर टेक्सासला परकी नाही, इथे ती शेतातच पिकवतात. घरमालकांच्या संघटनेची भीती वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट : टेक्सासच्या कायद्यानुसार संघटनेला कंपोस्ट किंवा पावसाच्या पाण्याचे पिंप सरसकट बंद करता येत नाही. ते कुठे आणि कसे असावे याच्या अटी मात्र घालता येतात.

आणि हे सगळे अमेरिकेत येऊन शिकायचे असेही नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर पिशव्या, पिंपे आणि उसाची चिपाडे यांवर भाज्या पिकवल्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने ओल्या कचऱ्यापासून माती करायला शिकवले. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग उभी केली. या सगळ्यांना आपला कचरा कुठून येतो हे नेमके ठाऊक होते. तो त्यांच्याच स्वयंपाकघरातला किंवा ओळखीच्या ठिकाणचा होता. आमच्या फळ्यांबद्दल आम्हाला एवढेच ठाऊक होते, की त्या फुकट आहेत.

फेब्रुवारीत आईंनी दह्याच्या सात डब्यांत पुन्हा मेथी पेरली. प्रत्येक डबा आपल्याच फ्रिजमधून निघालेला, त्याचे दही आपणच खाल्लेले. पहिली जुडी कापली तेव्हा त्यांनी चिरंजीवांना कडेला बसवले आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आता खाऊ दे त्याला." आई वर्ध्याला परतल्या, डबे अजून ओळीने उभे आहेत.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला मेथी, गवार आणि भेंडीचे बी पुड्या बांधून आणतो. ज्यांना हवे त्यांनी घरचा एक रिकामा डबा घेऊन यावे. दाराशी आम्ही बसलेले असू, आणि आपण काही बोलण्याआधीच विचारू, "हा आधी होता कशाचा?"