खिडकीचे वाकडे गज

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर बाबा एक डोळा हाताने झाकून पेपर वाचत होते. विचारलं तर म्हणाले, "डाव्या डोळ्याने खिडकीचे गज वाकडे दिसतात रे. नंबर वाढला असेल." चष्मेवाल्याने दोनदा काच बदलून दिली होती. गज वाकडेच!

सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की पडद्याचा डॉक्टर गाठायचा, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पदार्थ असतो. वयाबरोबर तो मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून सुटतो. त्यानंतर कधीकधी पडद्यावर पेशींचा पातळ पापुद्रा धरतो, सायीसारखा. तो आकसला की खालचा मॅक्युला, ज्याने आपण बारीक अक्षर वाचतो, चुरगळतो. आता कॅमेऱ्यातली फिल्मच चुरगळली तर लेन्स बदलून काय होणार? थेंब घालूनही उपयोग नाही.

ओसीटी स्कॅनवर सुरकुत्या स्पष्ट दिसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काका, त्रास किती होतो?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "ऑपरेशन करून टाकू!" बग दिसला की फिक्स करायचा, एवढंच येतं आम्हाला.

मी चुकलो होतो. कित्येकांना हा पापुद्रा असतो आणि काही अडत नाही. अशांनी नुसती तपासणी करत राहावं. ऑपरेशन स्कॅनचं नसतं, माणसाचं असतं. बाबांचं मात्र अडत होतं. दोन डोळ्यांची चित्रं जुळेनात, जिन्यात पायरी चुकायची. हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० साली मायामीत सुरू केलेली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रं, आतली जेली काढायची, आणि बारीक चिमट्याने पापुद्रा सोलायचा. बाबा जागेच होते.. मीच बाहेर घामाघूम.

नजर सुधारायला महिने लागतात, पूर्वीसारखी होईलच असं नाही, आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. हे आधी नीट ऐकलं असतं तर पहिला महिना इतका चिडचिडीत गेला नसता. असो.

आता सहा महिने झाले. गज किंचित वाकडे आहेत, पायरी चुकत नाही. मंडळी, आई-बाबांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची तारीख घ्यायचीय. या वेळी डॉक्टरांशी बाबाच बोलणार आहेत.