सागरी सेतू आणि आवाबाईंची अट

१/ वांद्रे–वरळी सागरी सेतूचे छायाचित्र पाहिले नाही असा मराठी माणूस विरळा. मात्र या सेतूचा इतिहास सांगू लागले की बहुतेक जण ३० जून २००९ या उद्घाटनाच्या दिवसापासून आरंभ करतात आणि पोलादी तारांच्या मापांपाशी थांबतात. वास्तविक ही कथा त्याच्या १६४ वर्षे आधी सुरू होते आणि तिच्या मुळाशी एका स्त्रीने घातलेली अट आहे.

२/ आधी भूगोल पाहू. माहीमच्या उपसागराच्या दोन टोकांना दोन किल्ले आहेत. उत्तरेचा वांद्र्याचा, पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला. दक्षिणेचा वरळीचा, इंग्रजांचा. मुंबई इंग्रजांकडे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे असताना हे पाणी म्हणजे दोन सत्तांची हद्द होती. पुढे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठे साष्टीत उतरले, तेव्हा किल्ला त्यांच्या हाती पडू नये या धास्तीने वांद्र्याच्या किल्ल्याचा बराच भाग पाडण्यात आला. तेथे आज जे अवशेष दिसतात त्यांना काळाने जितके झिजवले तितकेच या भयानेही पाडले आहे.

३/ साष्टीही इंग्रजांकडे आली आणि हद्द मिटली. पाणी मात्र राहिले. माहीम ते वांद्रे हा प्रवास होडीने होई. पावसाळ्यात खाडी पार करणे जिवावरचे काम होते आणि होड्या उलटून माणसे बुडाल्याच्या आठवणी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. बांध घालण्याची मागणी होत राहिली. कंपनी सरकार खर्चाला तयार नव्हते.

४/ अखेर पैसा दिला तो सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी. १८४१ मध्ये काम सुरू झाले, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे रहदारीस खुला झाला. आवाबाईंची देणगी सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांची होती. (जीजीभॉय घराण्याच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. दानशूरपणा खरा, आणि पैशाचा उगमही खरा.)

५/ देणगीसोबत अट होती: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही. ज्याच्या डोक्यावर टोपली आहे तोही जाईल, ज्याच्याकडे घोडागाडी आहे तोही जाईल. माहीममधून जाणाऱ्या लेडी जमशेटजी मार्गाच्या पाटीवर आवाबाई आजही आहेत. ती पाटी रोज पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या अटीची कल्पना असेल.

६/ कॉजवेने खाडीचे मुख आवळले, हेही खरे. मिठी नदी त्याच मुखातून समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या मुखापाशी झालेल्या भरावांवर पुष्कळ वाद झाला. लोकोपयोगी कामाचीही किंमत कोणीतरी मोजत असते.

७/ शतकभरानंतर शहर उत्तरेकडे पसरले आणि एकटा कॉजवे अपुरा पडू लागला. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईसाठी द्रुतगती मार्गांचे जाळे सुचवले. पश्चिम किनाऱ्यालगतचा मार्ग त्यातच होता. ती कल्पना काही दशके कागदावर राहिली. १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते सागरी सेतूची पायाभरणी झाली. प्रारंभीचा अंदाज सुमारे ६६० कोटी रुपयांचा होता. न्यायालयीन वाद, आराखड्यातील बदल आणि विलंब यांमुळे तो १,६०० कोटींवर गेला. सेतूची लांबी ५.६ किलोमीटर, मार्गिका आठ. त्यांपैकी चारच आधी खुल्या झाल्या, उरलेल्या मार्च २०१० मध्ये.

८/ अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहे, यात शंका नाही. वांद्र्याच्या बाजूस उंच मनोऱ्याच्या दोहो अंगांना २५० मीटरचे दोन गाळे तारांवर तोलून धरलेले आहेत. पण आवाबाईंची अट येथे उलटली. मोटारीला पथकर: २००९ मध्ये एका फेरीस ५० रुपये, एप्रिल २०२४ पासून १००. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी जाणाऱ्याला बंदी. कर्ज फेडायचे असते, समुद्रावरचा वारा दुचाकीस्वाराला धोक्याचा असतो, ही कारणे खोटी नाहीत. तरीही बांधतानाच दुचाकी आणि पादचारी यांच्यासाठी सुरक्षित, वेगळी वाट ठेवली असती तर धोक्याचे कारण पुढे करावे लागले नसते. ती वाट आराखड्यात नव्हती, कारण तो माणूसच आराखड्यात नव्हता.

९/ याच कथेतील दुसरा माणूस वरळी कोळीवाड्याचा. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडण्यासाठी जो पूल आखला गेला, त्याच्या खांबांमधील अंतर क्लीव्हलँड बंदरापाशी ६० मीटर ठेवले होते. कोळी बांधवांचे म्हणणे असे की, उधाणाच्या पाण्यात आणि उलट्या वाऱ्यात एवढ्या फटीतून होडी काढणे म्हणजे ती खांबावर आपटण्यास निमंत्रण. त्यांनी अधिक रुंद गाळ्याची मागणी केली, समुद्रात होड्या नेऊन काम अडवले. तज्ज्ञांचे आकडे एका बाजूस, पिढ्यांचा अनुभव दुसऱ्या बाजूस.

१०/ डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. सातव्या आणि नवव्या खांबांमधला आठवा खांब वगळण्यात आला. त्या रुंद गाळ्यावर धनुष्याकृती कमानीचे सांगाडे बसले. त्यांपैकी पहिला, १३६ मीटर लांबीचा आणि सुमारे २,००० टनांचा, २६ एप्रिल २०२४ रोजी. त्याच सप्टेंबरात किनारी रस्ता सेतूला जोडला गेला.

११/ त्या कमानीचे कौतुक करणाऱ्या चित्रफिती असंख्य आहेत. ती कमान तेथे का आहे, हे त्यांतल्या फार थोड्या सांगतात. कोळीवाड्याने ६० मीटर निमूट स्वीकारले असते तर तेथे साधे खांब दिसले असते. मुंबईच्या स्थापत्याच्या इतिहासात सल्लागार संस्थांची आणि ठेकेदारांची नावे येतात, तशी या मच्छीमारांचीही नोंद व्हायला हवी. कारण त्या पुलाचे रूप ठरवण्यात त्यांचा हात आहे.

१२/ किनारी रस्त्यावर पथकर नाही, ही बाब नोंदवण्याजोगी. दुचाकी मात्र तेथेही वर्ज्य. म्हणून वांद्र्याहून वरळीला स्कूटरने जाणारा माणूस आजही सेतूच्या तोंडाशी न वळता पुढे जातो, माहीमच्या कॉजवेवर येतो, आणि १८४५ साली बांधलेल्या वाटेने, एक पैसाही न देता, खाडी ओलांडतो.