आवाज शोधायचे पैसे घ्या



गॅरेज टाकायचं म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, आधी लिफ्ट घेऊ की स्कॅनर?" जागेचं भाडं, मुद्रा लोन, बोर्डावर कोणतं नाव, सगळं डोक्यात पक्कं असतं. पण गिऱ्हाईक नेमकं कशाचे पैसे देणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो. यात माझे 12,200 रुपये गेलेत, त्यामुळे अगदी मनापासून सांगतोय.

माझी साधी हॅचबॅक, सात वर्षांची. बॅचेससाठी जळगाव-धुळे महिन्यातून सात-आठ चकरा होतात. एक दिवस एरंडोल सोडलं आणि पुढून डावीकडून आवाज सुरू झाला. खट-खट, खट-खट. तरसोद ते फागणे चौपदरीकरण रेंगाळलं होतं त्या काळात या रस्त्याने सगळ्यांच्याच गाड्या खिळखिळ्या केल्या, म्हणून मी आधी रस्त्यालाच नावं ठेवली. पण चांगल्या रस्त्यावरही बारीकशी खडी आली की आवाज यायचा. गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवर काहीच नाही!

जळगावातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. गाडी लिफ्टवर चढवली, हेल्परने चाक हलवलं, दोन मिनिटांत निकाल: "लिंक रॉड गेले." दोन्ही बाजूंचे बदलले, 2,800 रुपये. पारोळ्यापर्यंत गेलो तोवर आवाज परत. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे एसी ऑफिस, चहा, कॉम्प्युटरचं बिल. ते म्हणाले शॉकअप आणि माउंटिंग. 9,400 रुपये. गाडी चालायला जरा मऊ झाली हे खरं. खट-खट तशीच.

दोघांनीही एक गोष्ट केली नाही. माझ्यासोबत गाडीत बसून ट्रायल मारली नाही. आवाज येतो चालत्या गाडीत, आणि हे शोधतायत उभ्या गाडीत! त्यातही लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लटकतात, सस्पेन्शनवर गाडीचं वजन उरत नाही. लिंक रॉडचा खेळ तर दोन्ही बाजू सारख्या लटकल्या की नीट कळतच नाही. तो गाडी चाकांवर उभी असताना, खड्ड्यात उतरून बघावा लागतो. लिफ्ट वाईट नाही हो, पण लिफ्ट घेतली म्हणजे निदान आलं, असं होत नाही.

शेवटी धुळ्यात पारोळा रोडला एका मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याचं शेड, एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने, बास. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. हात पुसत विचारलं, "आवाज कव्हय येस, भाऊ?"

म्हणजे कधी येतो. कुठून येतो, हे विचारलं नाही, कधी येतो हे विचारलं. आता हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं यातून निघतं. गाडी उभी असताना रेस दिली तर येतो का? मग इंजिन किंवा इंजिनचं माउंटिंग बघायचं. चढावर वरच्या गिअरमध्ये ओढताना बारीक टकटक येते का? मग ते इंधन जळण्याचं नॉकिंग असू शकतं. (त्यासाठी बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर स्पार्कची वेळ मागे घेतो.) स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पळवली की कट-कट येते का? मग ॲक्सलचा जॉइंट. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टण्णकन वाजते का? मग वरचं माउंटिंग. प्रत्येक उत्तराला पाच-सहा पार्ट यादीतून बाद होतात. एक रुपया खर्च न होता.

मग ते माझ्या शेजारी बसले. फागण्याच्या बाजूला थोडं पुढे जाऊन साइडपट्टीवर गाडी घ्यायला लावली. खट-खट सुरू झाली. म्हणाले, "आता ब्रेकवर नुसता पाय टेकव. गाडी थांबवायची नाही." मी पाय टेकवला आणि आवाज बंद! पाय उचलला, आवाज चालू. परत टेकवला, बंद. असं चार वेळा करून पाहिलं. इतके महिने जो आवाज मला छळत होता, तो माझ्या पायाखालीच होता.

परत येऊन त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काम केलं होतं? तेव्हा कुठे मला आठवलं. ब्रेक पॅड बदलले होते, तिसऱ्याच ठिकाणी. चाक काढलं तर डाव्या कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये पॅड धरून ठेवणारी स्टीलची पत्ती नव्हतीच. गंजलेली निघाली असेल, फेकली असेल, नवी लावली नाही. त्यामुळे पॅड आपल्या जागेत सैल हलत होता आणि बारीक खडबडीत रस्त्यावर वाजत होता. ब्रेकला पाय टेकला की दाबला जाऊन गप्प बसत होता.

माझे जुने लिंक रॉड डिकीतच पडले होते. मिस्त्रींनी एक हातात घेऊन बॉल जॉइंट हलवून पाहिला. घट्ट. कुठेच खेळ नाही. काही न बोलता माझ्या हातात दिला. तो रॉड मी आता क्लासमध्ये टेबलावर ठेवतो.

पत्त्यांचा सेट 150 रुपये. लागलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं. मजुरी किती? 100 रुपये. मी म्हटलं, काका, शोधण्याचे पैसे? तर म्हणाले, "कसाना पैसा, भाऊ?"

इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. माझे 12,200 वाचवू शकला असता असा एकमेव माणूस 100 रुपये घेतो. चुकीचं निदान करणाऱ्यांना पार्टवरचं मार्जिन मिळतं, वर मजुरीही मिळते. म्हणजे आपल्या या धंद्याची घडी अशी बसलीय की जो जास्त चुकतो तो जास्त कमावतो. त्या मिस्त्रींचा मुलगा आयटीआय झालाय आणि पुण्याला कंपनीत लागायचं म्हणतो. त्याला दोष कसा द्यायचा? बापाचं कौशल्य त्याने पाहिलंय, बापाचा गल्लाही पाहिलाय.

आता तुम्ही म्हणाल, "सर, ते पुण्या-मुंबईला ठीक आहे. खान्देशात नुसतं बघायचे पैसे कोण देतो?" देतात की! जळगावच्या सराफ बाजारात जा. सोन्याचा टंच काढून देणारे नुसतं सोनं किती शुद्ध आहे ते सांगतात आणि त्याचेच पैसे घेतात. त्यांना सोनं विकायचं नसतं म्हणून तर त्यांच्या शब्दाला किंमत असते. जून 2021 पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, तिथेही दर नगामागे तपासणीचे पैसे लागतात. टीव्ही दुरुस्त करणारा घरी आला की व्हिजिटचे पैसे आधी सांगतो. डॉक्टरची फी तर आपण निमूट देतो. (इंजेक्शन दिलं नाही तर काही लोकांना फी वाया गेल्यासारखी वाटते, ते वेगळं!)

"तपासणी फ्री" असा बोर्ड मला अजिबात आवडत नाही. तपासणी फुकट दिली की ते पैसे कुठून तरी काढावेच लागतात, मग पार्ट बदलल्याशिवाय गाडी सोडणं तुम्हालाच परवडत नाही. सुरुवातीला मन खात असेल, नंतर सवय होते. मी हे बऱ्याच चांगल्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

हिशेब मांडू. तपासणीची फी 300 रुपये. दिवसाला चार गाड्या, महिन्याचे 25 दिवस. 30,000 रुपये झाले, आणि यात एकही पार्ट विकलेला नाही. पहिल्या महिन्यात चार गाड्या येणार नाहीत, एखादीच येईल, हे मला माहीत आहे. पण सुरुवातीचं सामानही बघा: खड्डा किंवा दोन भक्कम स्टँड, टॉमी, टॉर्च, पाने आणि कानाला लावून आवाज ऐकायला एक लांब स्क्रूड्रायव्हर. किशोर गटाचं पाच लाखांचं मुद्रा लोन काढून पहिल्या दिवशी लिफ्ट घ्यायची गरज नाही. स्कॅनर इंजिनच्या तक्रारींसाठी पुढे लागेलच, बीएस-6 गाड्यांना तर लागतोच. पण माझ्या गाडीची ती पत्ती कुठल्याच स्कॅनरवर दिसली नसती.

फी आधी सांगा, काम सुरू व्हायच्या आधी. कारण सापडलं नाही तर घेऊ नका आणि तसं स्पष्ट बोला. पुढचं काम तुमच्याकडेच केलं तर फी वजा करायची का, यावर माझ्याच ओळखीच्या लोकांत मतभेद आहेत. माझं मत, करू नये. वजा केली की तुम्ही परत पार्ट विकण्याच्या मोहात पडता. एका वेळी एकच गोष्ट बदला, ट्रायल मारा, मग पुढची. आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, मागितला नाही तरी.

मागच्या महिन्यात धुळ्याला गेलो तेव्हा मुद्दाम मिस्त्रींकडे वळलो. शेडच्या दारावर खडूने लिहिलं होतं: आवाज शोधणे 300 रु. अक्षर मुलाचं. मिस्त्री म्हणाले, पोराचा खटाटोप आहे, ओळखीच्यांकडून मी घेत नाही. तेवढ्यात शिरपूरची एक बोलेरो आली, मागून आवाज येतो म्हणून. मुलगा पाने तसेच ठेवून आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.